तीन फेऱ्यांसाठी चार चाकं

माणूस गाडीत बसला की पृथ्वीशी त्याचा संबंध चार तळहातांएवढाच उरतो. प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम एका तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो आणि गाडी, गाडीतली माणसं, त्यांची भांडणं, डिकीतलं सामान या सगळ्याची भिस्त त्या चार तळहातांवर असते. बहुसंख्य लोक या सत्याची कसलीही कल्पना नसताना रोज सकाळी कामावर जातात आणि संध्याकाळी सुखरूप परत येतात. याला अज्ञान म्हणायचं की बेफिकिरी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र सुखरूप परत येणं हा काही पुरावा नव्हे, यावर त्यांचं एकमत आहे.

डॉक्टरांना हे सत्य उमगलं ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जानेवारीत. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हौसेची अशी एक गोष्ट घेतली: लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. गाडीला चार चाकं होती, चाकांवर टायर होते आणि टायरांत हवा होती. डॉक्टर ती स्वतः चालवत घरी घेऊन आले आणि वाटेत काहीही झालं नाही. पुढे त्या बेसावध प्रवासाची आठवण निघाली की त्यांना घाम फुटत असे.

फाटकाशी बाबा उभे होते. बाबा म्हणजे डॉक्टरांचे वडील, चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या डाव्या टायरला चपलेसकट एक लाथ हाणली, आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाले, "चांगला आहे. कधी जायचं?"

कुठे जायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर तीस किलोमीटरवर शर्यतींचा ट्रॅक होता. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो खासगी गाड्यांना खुला असे. लायसन दाखवायचं, हेल्मेट घालायचं आणि गाडी आत घालायची. पाचच्या ठोक्याला फाटक बंद. बाबांना तिथे तीन फेऱ्या मारायच्या होत्या. शेजारी बसून नाही, स्वतः चालवून. आणि त्यांचं लायसन तीस नोव्हेंबरला संपत होतं. त्यांच्या वयाला ते पुन्हा देत नाहीत, असा नियम होता. एकदा संपलं की संपलं.

"माझी बस साठच्या वर गेली नाही कधी," बाबा त्या दिवशी जेवताना म्हणाले. "वेगाला सीलच मारलेलं असायचं. पण त्याचं काही नाही रे. वळण आलं की आधी मागच्यांचा विचार. कुणी दांडीला लटकलेलं, कुणाच्या हातात अंडी, कुणाच्या कडेवर पोर. चौतीस वर्षं मी एक वळण माझ्या मनासारखं घेतलं नाही. मागे कुणी उभं नसताना वळण कसं लागतं, ते एकदा बघायचंय."

डॉक्टरांना हे ऐकून भरून आलं. वडिलांनी त्यांच्याकडे याआधी काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"तेवढे टायर बघून घेतो, बाबा, की जाऊच," ते म्हणाले. त्या दिवशी जानेवारीची अकरा तारीख होती.

टायर बघणं म्हणजे टायरकडे बघणं, असा एक समज आहे. तो दूर करण्याचं मोलाचं कार्य 'चाक-टायर विचारमंच' ही इंटरनेटवरची संस्था गेली बारा वर्षं निरलसपणे करत आहे. मंचाचे चार हजार तीनशे बारा सदस्य आहेत. त्यांपैकी सतरा जण प्रत्यक्ष ट्रॅकवर जाऊन आलेले आहेत (नऊ बघायला, दोन रस्ता चुकून). अनुभवामुळे मत दूषित होतं, असा मंचाचा अनुभव असल्याने या सतरा जणांना मतदानाचा अधिकार नाही.

मंचाला प्रश्न विचारण्याआधी एक्केचाळीस कलमी अर्ज भरावा लागतो. गाडीचं वजन, ते पुढे किती आणि मागे किती, चालकाचा स्वभाव, शहरातल्या खड्ड्यांची सरासरी खोली, वर्षातले कोरडे दिवस, वर्षातले ओले दिवस, आणि 'दोन्हींत न मोडणारे दिवस (असल्यास)'. सत्ताविसावा प्रश्न होता, 'आपण वळणाकडे कोणत्या दृष्टीने पाहता?' त्यावर डॉक्टरांनी साडेचार पानं लिहिली. अडतिसावा प्रश्न होता, 'आपण ही गाडी चालवता का?' हा भरला नाही तरी चालतो.

मंचाचे सर्वेसर्वा म्हणजे ऑफसेटकाका. चाक गाडीला जिथे जोडलं जातं, तिथून ते किती आत बसतं आणि किती बाहेर डोकावतं, या मापाला ऑफसेट म्हणतात. काकांनी या एका मापाला हयात वाहिली होती. त्यांची स्वतःची गाडी नव्हती. कोणत्याही एका गाडीची बाजू घ्यावी लागू नये म्हणून त्यांनी ती घेतलीच नव्हती. त्यांनी अर्ज वाचून डॉक्टरांना पहिला प्रश्न टाकला: रस्त्यासाठी हवेत की ट्रॅकसाठी?

डॉक्टर म्हणाले, दोन्हीसाठी.

मग त्यांना समजावून सांगण्यात आलं. रस्त्याचा टायर पावसात, थंडीत, खड्ड्यांत टिकावा म्हणून बनवलेला असतो; ट्रॅकवर तो दोन फेऱ्यांत तापून ढिला पडतो. ट्रॅकचा टायर तापला की जमिनीला चिकटून बसतो. पण तापेपर्यंत तो कशालाच धरत नाही, आणि पावसात तर मुळीच नाही. म्हणजे ट्रॅकच्या टायरवर ट्रॅकपर्यंत जाणं धोक्याचं आणि रस्त्याच्या टायरवर ट्रॅकवर फिरणं कमीपणाचं. यावर मार्ग एकच. रस्त्याच्या टायरांवर ट्रॅकपर्यंत जायचं, तिथे चाकं बदलायची, फेऱ्या मारायच्या, पुन्हा चाकं बदलायची आणि घरी यायचं.

दोन माणसांच्या गाडीत चार जादा चाकं मावत नाहीत. डॉक्टरांनी मोजून पाहिलं. बाबा बसले नाहीत तर एक चाक मावत होतं. तेव्हा चाकं वाहून नेण्यासाठी दुसरी गाडी घ्यावी, असा सल्ला मंचाने दिला आणि त्या दुसऱ्या गाडीला टायर कोणते असावेत, यावरची चर्चा चर्चापानांच्या एकसष्टाव्या पानापासून एकशे अठराव्या पानापर्यंत चालली. ती गाडी अजून घेतलेली नाही, परंतु तिचे टायर जवळपास ठरले आहेत.

टायरचं आणखी एक वैशिष्ट्य डॉक्टरांच्या ध्यानात आलं. वापरला की तो झिजतो. न वापरता ठेवला की कडक होतो. गाडी उभी ठेवली तर खालून चपटा होतो. ट्रॅकचा टायर जितक्या वेळा तापून गार होतो तितकी त्याची पकड जाते, म्हणून जाणकार मंडळी तो तापवतच नाहीत. या सगळ्यातून सुवर्णमध्य काढायचा तर गाडी उचलून स्टँडवर ठेवणं हाच होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी गॅरेजमध्ये चार लोखंडी स्टँड लावले आणि गाडी जमिनीपासून दीड फूट वर गेली. तिचा पृथ्वीशी उरलासुरला संबंध अशा रीतीने संपला आणि डॉक्टरांना दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

महिन्याचे शेवटचे रविवार दरम्यान येत-जात होते. त्यांची नोंद डॉक्टरांच्या डायरीत आहे:

जानेवारी: मंचाचं सदस्यत्व मंजूर होणे बाकी.
फेब्रुवारी: अर्ज अपुरा (प्रश्न सत्तावीस).
मार्च: गाडी स्टँडवर.
एप्रिल: ऊन फार. रबराचा खरा स्वभाव उन्हात कळत नाही.
मे: पावसाची शक्यता.
जून: पाऊस न येण्याची शक्यता (पावसाळी टायरांवरची चर्चा फुकट जाऊ नये).
जुलै: मापं घेणे.

बाबांनी तोवर तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. दर रविवारी सकाळी ते स्टूल लावून त्या उंचावलेल्या गाडीत चढत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, काच पुसत आणि खाली उतरत. डॉक्टर याला बाबांचा विरंगुळा म्हणत. चढताना बाबांनी एकदा विचारलं, "टायर मिळाले का रे?"

"चर्चा चालू आहे, बाबा."

"आमच्या डेपोत एकच टायर यायचा," बाबा म्हणाले. "आला की बसवायचो."

हा डेपोचा मागासलेपणा डॉक्टरांनी हसून सोडून दिला.

दवाखान्यात मात्र त्यांच्या अभ्यासाला फार चांगला श्रोतृवर्ग लाभला. खुर्ची मागे झुकवायची, पेशंटच्या तोंडात कापसाचे दोन बोळे आणि थुंकी ओढायची नळी घालायची आणि मग रुंद चाकाचे फायदे सांगायला सुरुवात करायची. त्या वर्षात सहाशे बारा पेशंटांनी डॉक्टरांची मतं ऐकली आणि एकानेही विरोध केला नाही. हिरड्यांची खोली मोजायची बारीक सळई असते, मिलिमीटरच्या खुणांची. तिने डॉक्टर येता-जाता बाहेर उभ्या असलेल्या पेशंटांच्या गाड्यांच्या टायरांची नक्षी किती खोल उरली आहे ते मोजत. (मग सळई उकळून घेत. निदान घेतली जाते, असं त्यांच्या पत्नी सांगत.)

पत्नी दवाखान्यात पेशंटांच्या वेळा सांभाळत. सव्वीस वर्षं त्यांनी कुणालाही दिलेली वेळ चुकू दिली नव्हती. त्यांनी एका दुपारी वही मिटून सरळ विचारलं, "अहो, बाबांनी तीन फेऱ्या मारल्या तर त्या आधीच्या टायरांचं काय वाटोळं होणार होतं?"

डॉक्टरांनी गणित केलं. "एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी झीज."

"मग?"

"प्रश्न झिजण्याचा नाहीये. तत्त्वाचा आहे."

"बरं," पत्नी म्हणाल्या. "तत्त्वाला नोव्हेंबरची कुठली वेळ देऊ?"

डॉक्टर रागावले. आपण हे सगळं कुणासाठी करतोय, हे घरात कुणालाच कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते खरंच वाईट वाटणं होतं. ऐंशीच्या घरातला बाप ट्रॅकवर गाडी चालवणार. त्याच्या खाली जगातली सगळ्यात योग्य चाकं असावीत, असं मुलाला वाटणार नाही तर कुणाला? या एका वाक्यासमोर कुणालाही काही बोलता येत नसे. त्यामुळे ते वाक्य डॉक्टर वरचेवर वापरत.

एव्हाना टायर कुठल्या कंपनीचा हा प्रश्न मागे पडून चाक कसलं हा प्रश्न पुढे आला होता. ओतीव चाक स्वस्त पण जड. ठोकून घडवलेलं चाक हलकं. प्रत्येक चाकामागे दोन किलो कमी केले तर गाडी वळणावर कशी हरणासारखी पळते, याबद्दल मंचावर तीनशे लेख होते. डॉक्टरांचं स्वतःचं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. मात्र चालकाचं वजन ही खासगी बाब असून तिची चर्चा करता येणार नाही, असा मंचाचा ठराव होता, आणि तो आजवर एकमताने झालेला एकमेव ठराव आहे.

मग ऑफसेट. डॉक्टरांच्या गाडीचं चाक एक मिलिमीटर आत असावं की बाहेर, यावरून मंचात उभी फूट पडली. 'आतले' आणि 'बाहेरचे' असे दोन पक्ष झाले. दोन सख्ख्या साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं; त्याचं बायकांना पटेल असं कारण त्यांना अजून सापडलेलं नाही. शेवटी ऑफसेटकाकांनी निर्वाळा दिला की वादाला अर्थ नाही, गाडीची आतली जागाच मोजून घ्यावी.

आणि इथे डॉक्टरांची सव्वीस वर्षांची विद्या कामाला आली. मंचावरची बाकीची मंडळी फूटपट्ट्या आणि पुठ्ठे घेऊन मडगार्डखाली आडवी होत असत. डॉक्टरांनी कवळीचं माप घ्यायचा गुलाबी मसाला कालवला. सेहेचाळीस जबड्यांना पुरेल एवढा मसाला त्यांनी चारी चाकांच्या वर, चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत दाबून भरला, तीन मिनिटं थांबले आणि अलगद काढून घेतला. असे सुबक ठसे चाकांच्या इतिहासात कुणी घेतले नव्हते. मंचावर फोटो गेले तेव्हा आतले आणि बाहेरचे दोघेही गहिवरले. ठसे पेटीत घालून चाकं घडवणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने सांगितलं, चार महिने लागतील. तो म्हणाला की भरपूर जागा आहे, बिनधास्त रुंद चाकं घडवतो.

ऑगस्टमध्ये जुनी चाकं ऑफसेटकाकांनी अभ्यासासाठी मागून नेली. एका चाकावर काच चिकटवून त्यांनी दिवाणखान्यात टीपॉय केला. उरलेल्या तिन्ही चाकांचा अभ्यास चालू होता.

ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गाडीला चाकंच नव्हती, त्यामुळे डायरीत काही लिहावं लागलं नाही.

नवी चाकं सव्वीस नोव्हेंबरला, बुधवारी आली. टायर चढवून, तोलून, चकचकीत पुसून ती शनिवारी गॅरेजमध्ये ओळीने मांडली गेली. रविवारी तीस तारीख होती. शेवटचा रविवार आणि लायसनचाही शेवटचा दिवस. बाबा सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, लायसन वरच्या खिशात ठेवून तयार होते. गाडीत जाऊन बसून ते खिशावर अधूनमधून हात ठेवून बघत होते.

दहा वाजता टायरवाला आला. जवळच्याच चौकात त्याचं दुकान होतं आणि त्याची एक दाढ डॉक्टरांनी बसवलेली होती. त्याने चारी चाकं लावली, नट आवळले आणि स्टँड काढून जॅक हळूहळू सोडला. गाडी खाली आली. स्प्रिंगा दबल्या. आणि मडगार्ड चारी टायरांवर आरामात टेकून बसलं. चाक पुढेही फिरेना, मागेही फिरेना.

टायरवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "डॉक्टर, माप घेतलंत तेव्हा गाडी कुठे होती?"

"स्टँडवर."

"म्हणजे चाकं खाली लोंबकळत होती."

"हो. त्यामुळे ठसा स्वच्छ आला."

"माझी दाढ बसवली तेव्हा तुम्ही वीसदा मला दात मिटायला लावलेत," टायरवाला म्हणाला. "तोंड उघडं असताना जागा कळत नाही, म्हणालात."

डॉक्टरांनी मडगार्डखाली बोट सारून पाहिलं; ते शिरलं नाही. जबडा उघडा ठेवून चाव्याचं माप घेतलं, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही वर्गाबाहेर काढतात. कॉलेजात शिकवत असताना त्यांनी स्वतः असे काढलेले होते.

ऑफसेटकाकांना फोन लावला. काकांकडे पाहुणे आले होते आणि चहाचे कप टीपॉयवर होते. शिवाय काच पक्क्या गोंदाने चिकटवलेली होती. काकांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि चूक ऑफसेटची नव्हती, हे नोंदवून घेतलं.

"डॉक्टर, इकडे बघा," टायरवाला म्हणाला. "माझ्या मेव्हण्याची हीच गाडी आहे. रंगवायला दिलीय, चाकं माझ्या दुकानात पडलीत. कंपनीचीच आहेत. पंधरा मिनिटांत आणून लावतो. बाराच्या आत ट्रॅकवर पोचाल."

"टायर कुठले?"

"काळे," टायरवाला म्हणाला. "गोल. चांगले आहेत हो. तीन फेऱ्या ना? तीस मारा."

तो चाकं घेऊनही आला. चारी गॅरेजच्या दाराशी उभी केली. बाबा गाडीतून उतरले, एकाला पायाने ढोसून पाहिलं, मान डोलावली आणि परत जाऊन स्टिअरिंगमागे बसले. आता फक्त डॉक्टरांनी 'लाव' म्हणायचं होतं.

डॉक्टर 'लाव' म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांना टायरच्या बाजूवरचे चार आकडे दिसले. कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात टायर बनला, ते त्यात असतं. हा टायर चार वर्षं आणि आठ महिन्यांचा होता. चार वर्षं आठ महिने म्हणजे जुना की नवा? ट्रॅकवर? कोरड्यात? ऐंशीच्या घरातल्या चालकाला?

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मंचावर विचारलं.

ती वेळ साडेअकराची होती. मंचाच्या नियमानुसार तातडीच्या प्रश्नावर निर्णयासाठी किमान पंचवीस सदस्य हजर असावे लागतात. रविवार असल्याने साडेबारापर्यंत नऊच जमले. जेवणानंतर ते सहा झाले. तीन वाजता काही जण झोपून उठले आणि आकडा एकोणीसवर गेला. मग आतल्यांनी बाहेरच्यांवर गणसंख्या मुद्दाम रोखल्याचा आरोप केला आणि सात जण निघून गेले. टायरवाला दोनदा दुकानात जाऊन आला. पत्नींनी बाबांना जेवायचं ताट गाडीतच नेऊन दिलं. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, समोर भिंत होती.

"अरे, झालं का?" त्यांनी एकदा आतून विचारलं.

"होतंय, बाबा. चार कमी आहेत."

"चाकं?"

"सदस्य."

चार वाजून वीस मिनिटांनी गणसंख्या भरली आणि पंधरा विरुद्ध दहा मतांनी त्या टायरांना सशर्त मान्यता मिळाली. अट एकच होती: ताशी साठच्या वर जाऊ नये.

टायरवाल्याने पंधरा मिनिटांत चाकं चढवली. गाडी खाली आली आणि या खेपेला मडगार्ड कशालाच टेकलं नाही. पाचला वीस मिनिटं कमी होती. ट्रॅक तीस किलोमीटरवर होता. गॅरेजमध्ये सगळ्यांनी हे गणित मनातल्या मनात केलं.

बाबांनी इंजिन चालू केलं. "बस," ते डॉक्टरांना म्हणाले. "लायसन आज रात्रीपर्यंत आहे."

ते फाटकाबाहेर पडले आणि डावीकडे वळले. पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा डावीकडे, शाळेपाशी डावीकडे, औषधाच्या दुकानापाशी डावीकडे, की परत घराचं फाटक. एक फेरी झाली. दुसरीला सुरुवात झाली. लाल गाडी, मागे सीटच नाही, आणि तरी प्रत्येक वळणाच्या वीस पावलं आधी बाबांचा पाय ब्रेकवर जाई. गाडी इतकी हळुवार वळे की कुणाच्या हातातलं अंडंसुद्धा हललं नसतं.

तिसऱ्या फेरीत, शाळेच्या अलीकडे, डॉक्टरांना राहवेना. "बाबा, मागे कुणीही उभं नाहीये. घ्या ना जोरात. एकदा घ्या."

"मागे नाही रे," बाबा म्हणाले. "पण पुढे आहेत ना. रस्ता आहे हा."

पुढे खरंच एक बाई दोन पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या. बाबांनी गाडी थांबवली, हाताने त्यांना जा म्हणून खूण केली आणि मग वळण घेतलं. डॉक्टरांना रडू आलं. त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. अकरा महिन्यांतला एकेक रविवार त्यांना मोजून आठवला आणि त्यातल्या एकाचंही कारण आता आठवेना.

घराशी बाबांनी हँडब्रेक ओढला, किल्ली काढून मुलाच्या हातात दिली आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "गाडी छान आहे," ते म्हणाले. त्या ट्रॅकचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही.

ही हकिगत छापायला देण्यापूर्वी एकशे बेचाळीस वाचकांना वाचायला देण्यात आली आणि काही शंका असल्यास विचारा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांपैकी तिघांनी बाबांना नंतर कुणी कुठे नेलं का, अशी विचारणा केली. चौकशीअंती त्या तिघांकडे गाडी नसल्याचं आढळलं. त्यांना उत्तर कळवण्याची व्यवस्था अद्याप झालेली नाही. उरलेल्या एकशे एकोणचाळीस जणांची शंका एकच होती: डॉक्टरांनी शेवटी टायर कोणत्या मापाचे घेतले, ते लेखात कुठेच आलेलं नाही. ही उणीव आपल्याही लक्षात आली असेलच. तेव्हा बहुमताचा मान ठेवून ती भरून काढत आहोत. पुढचे दोनशे पस्तीस, मागचे दोनशे पासष्ट, दोन्ही अठरा इंची. सावकाश लिहून घ्या, आम्ही थांबतो.